कॅमेऱ्यामागची कुजबुज

लोहाऱ्यातल्या निम्म्या घरांच्या उंबऱ्याला श्रावस्तीचा पाय कधी लागला नव्हता, पण त्या घरांतली माणसं तिला चांगली ओळखीची होती. कुणाच्या आत्याला फोटोच्या वेळी नेमके डोळे मिटायची सवय आहे, कुणाचा चुलता वरातीत दुसऱ्या गाण्यालाच सदरा काढून फिरवतो, कोणती नवरी निघताना आईला सोडून म्हशीच्या गळ्यात पडून रडली, हे सगळं तिला ठाऊक. एसटी स्टँडवर अशी एखादी बाई दिसली की श्रावस्तीला ओळखीचं हसू यायचं आणि ती बाई बिचारी गोंधळून आपला पदर सारखा करायची. ह्या पोरीनं आपल्याला नातवाच्या बारशात मागं-पुढं करून कितीदा बघितलंय, हे त्या बाईला कुठून कळणार!

श्रावस्ती व्हिडिओ एडिटर. गावात तिला 'मिक्सिंगवाली' म्हणत. वडील राजपाल तहसील कचेरीत शिपाई. आई पुतळाबाई. पोरीनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, मग पुण्यात जाऊन एडिटिंग शिकली आणि तिथंच जाहिराती करणाऱ्या एका कंपनीत लागली. बिस्किटं, सिमेंट, पायातल्या चपला. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीवर आठवडाभर काम चाले आणि सेकंदभर जास्त झालं तरी वरून फोन येई. नको ते कापायचं, आणि कापताना हात थरथरू द्यायचा नाही, ही तिथली शिकवण. पुढं कंपनीचं काम आटलं, माणसं कमी केली, त्यात ही पण आली. दोन महिने घरी राहू म्हणून लोहाऱ्याला आली आणि वीरभद्रअण्णांच्या स्टुडिओत जी बसली ती तिथलीच झाली.

"लोकांची लग्नं लावत बसलीस," पुतळाबाई म्हणायच्या.

"लावत न्हाय आई. लागलेली नीट करते."

वीरभद्रअण्णांचा स्टुडिओ खताच्या दुकानावर, जिन्यानं वर गेलं की डाव्या हाताला. अण्णा कॅसेटच्या जमान्यापासून ह्या धंद्यात. पोट सुटलेलं, कपाळाला भस्म, आणि कामाच्या वेळी चष्मा डोळ्यांवर कमी नि डोक्यावर जास्त. त्यांना पडद्यावर बदामाचा आकार फार प्रिय. नवरा-नवरी बदामात आले नाहीत तर लग्न कायदेशीर होत नाही, अशी त्यांची जवळजवळ खात्री होती.

तिसरा कुमार. कॅमेरामन. बिराप्पा धनगराचा पोरगा, माळावरच्या वस्तीवरून रोज मोटारसायकलवर यायचा. लहानपणी मेंढरांमागं उन्हात उभं राहून राहून त्याच्या पायांना अशी सवय झाली होती, की सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत तो खांद्यावर कॅमेरा घेऊन उभाच असायचा आणि जेवायचं कुणी म्हटलं तर म्हणायचा, "आधी आहेर होऊ द्या."

आहेरापायीच ह्या तिघांची खरी घडी बसली होती.

श्रावस्तीचं स्टुडिओतलं ते पहिलंच लग्न. अण्णा बाहेरगावी गेलेले. तिनं आहेराचा भाग उघडला तर पाऊण तास नुसतं तेच. माईकवर नाव पुकारलं जातं, एक माणूस येतो, टॉवेल-टोपी देतो, कॅमेऱ्याकडं बघून ताठ उभा राहतो, जातो. मग दुसरा. मग एक बाई, लुगडं देते, पदर सावरते, जाते. पुण्याची शिकवण कामाला आली. तिनं त्या पाऊण तासाची दोन छान मिनिटं केली, मागं बासरी लावली आणि स्वतःवरच खूश झाली.

व्हिडिओ गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी खताच्या दुकानासमोर एक काळीपिवळी जीप थांबली. माणसं उतरत होती ती उतरतच होती. जिना भरला, खोली भरली.

"आमच्या थोरल्या आत्याचं लुगडं कुठं गेलं?" पुढच्या माणसानं विचारलं.

"कुठं गेलं म्हणजे?"

"व्हिडिओत न्हाय."

"अहो, पण तिनं दिलं ना?"

"दिलं! पण व्हिडिओत न्हाय म्हणल्यावर दिलंच न्हाय असं होतंय की. उद्या व्याही म्हणतील, तुमची आत्या रिकाम्या हातानं आली आन् जेवून गेली. काय दावायचं मग?"

आत्या स्वतः मागं जिन्यात उभी होती. नुसती बघत होती, आणि ते बघणं जास्त वाईट होतं. श्रावस्तीनं त्या दिवशी बसून सगळा आहेर परत जोडला. संध्याकाळी अण्णा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा डोक्यावर ढकलला.

"पोरी, लग्न बघायला कुणी व्हिडिओ लावत न्हाय. लग्न तर त्यांनी बघितलेलंच असतंय. आपून त्यात हाय का न्हाय, ते बघायला लावतात."

कुमारलाही त्या जीपवाल्यांनी बरंच सुनावलं होतं. त्यानं त्यावर आपल्या डोक्यानं एक तोड काढली. पुढच्या लग्नापासून तो शूटिंग करता करताच कुजबुजायला लागला. कॅमेऱ्याचा माईक त्याच्या तोंडापासून वीतभर लांब. हेडफोन लावला की श्रावस्तीच्या कानात पहिल्यांदा त्याचा आवाज यायचा.

"हे नवरीचे थोरले चुलते. मान मोठा. पुरं ठेव."

"ही नवरदेवाची करवली. नाचताना पडली, ते नको दावू, पोरगीचं जमायचंय अजून."

"हा कुणाचाच न्हाय. जेवायला आलाय. उडव."

श्रावस्ती एकटीच खोलीत खदखदून हसायची. पण त्या कुजबुजीनं काम इतकं सोपं झालं की दोघांना फोनवर बोलायचीही गरज उरली नाही. तो मांडवात बोलायचा, ती चार दिवसांनी ऐकायची. मुद्दाम असं कधी ठरलं नव्हतं. शेवटी कॅमेऱ्याच्या आवाजाचा ट्रॅक बंद करायचा, त्यावर गाणी आणि मांडवातल्या स्पीकरवरून घेतलेला आवाज चढवायचा, की कुमार गायब. आजवर त्याचा एक शब्दही बाहेर गेला नव्हता.

त्या उन्हाळ्यात कुमारच्या बहिणीचं, प्रतीक्षाचं लग्न झालं. नवरदेव उत्तरेश्वर फौजेत. कुमारनं दुसऱ्या कुणाला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. सगळे म्हणाले, अरे तू नवरीचा सख्खा भाऊ, तू उभा राहा फोटोत. तो म्हणाला, "मी फोटोत आलो तर फोटो कोण काढणार?"

लग्नाचा व्हिडिओ महिन्याभरानं द्यायचा, असा रिवाज. पण लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी उत्तरेश्वरची सुट्टी कमी झाल्याचा निरोप आला. रविवारी मांडवपरतणीचं जेवण आणि त्याच संध्याकाळी सोलापूरहून त्याची गाडी. जेवणाला दोन्हीकडची माणसं जमणार. जाण्याआधी सगळ्यांनी बसून व्हिडिओ बघायचा आणि त्यानं तो सोबत न्यायचा, अशी प्रतीक्षाची इच्छा.

"रविवारी? ह्या रविवारी?" श्रावस्तीनं विचारलं.

"माझी एकुलती एक बहीण हाय, म्याडम," कुमार म्हणाला. कामाचं काही मागायचं असलं की तो तिला म्याडम म्हणायचा.

"थोरली कोण मग? शेजाऱ्याची?"

"तिचं लग्न दुसऱ्यानं शूट केलतं. ती मोजत न्हाय मी."

मग काम वाटून घेतलं. अण्णांनी कोपऱ्यातला दुसरा कॉम्प्युटर फडक्यानं पुसला. हळद, लग्न लागणं आणि पाठवणी श्रावस्तीकडं. आहेर, जेवणावळ आणि वरात अण्णांकडं. दोघांच्या मधे खुर्ची टाकून कुमार, नाती सांगायला. तीन रात्री न झोपल्यामुळं त्याचे डोळे मिटत होते, पण नाव विचारलं की मिटल्या डोळ्यांनी उत्तर यायचं.

"ही कोण?"

"मावशी." थोड्या वेळानं, "न्हाय, मावशीची जाऊ. मावशी मागं पाणी पितीया."

"अण्णा, मला दिसलं. तुम्ही बदाम टाकला."

"एकच टाकला."

"नवरदेव फौजी आहे. पलटणीतली पोरं हसतील त्याला."

"हसू दे. त्यांच्याबी लग्नात बदाम असणार. कुणी सांगत नसतंय, एवढंच."

हळदीचा भाग लावताना श्रावस्तीला एक गोष्ट खटकत होती. कुमारची आई, नागूबाई, कुठल्याही तुकड्यात असो, तिची नजर चौकटीच्या बाहेर. पोरीला हळद लावतेय, नजर उजवीकडं. बायका गाणं म्हणतायत, ही ओठ हलवतेय, नजर उजवीकडं. कुणी काही विचारलं तर दचकून उत्तर देतेय आणि पुन्हा तिकडंच. श्रावस्तीनं आधी तो तुकडा कापला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळीकडं तेच.

"कुमार, काकू सारखं कुठं बघतायत रे?"

कुमारनं डोळे उघडले. पडद्याकडं बराच वेळ बघितलं. शूटिंग त्यानंच केलं होतं, पण त्याच्या ध्यानात आलं नसावं.

"रस्त्याकडं," तो म्हणाला. "मामाची वाट बघतीया."

मग त्यानं सांगितलं. थोरल्या बहिणीच्या लग्नात आहेर पुकारताना मामाचं, महालिंगप्पाचं नाव आधी घ्यायचं सोडून माईकवाल्यानं शेजारच्या सावकाराचं घेतलं. मामाचा मान पहिला. मामा काही बोलला नाही. आणलेला आहेर ठेवला, न जेवता उठला आणि निघून गेला. त्याला सहा वर्षं झाली. बिराप्पालाही वाटलं, एवढ्यावरून कुणी जातं का, तेही गेले नाहीत. मधल्या मधे नागूबाईचं माहेर तुटलं. भाऊ जिवंत, घर जागेवर, आणि पंचमीला सगळ्या बायका माहेरी निघाल्या की ही दाराला कडी लावून आत बसायची.

"ह्या वेळी मी स्वतः जाऊन बोलावून आलो," कुमार म्हणाला. "येतो बी म्हनला न्हाय, येत न्हाय बी म्हनला न्हाय. पण आला. ऐन आहेराला आला."

आहेराचा तो भाग अण्णांच्या कॉम्प्युटरवर होता. श्रावस्ती खुर्ची सरकवून तिकडं गेली. मांडवाच्या तोंडाशी एक उंच, वाळलेला म्हातारा आला, खांद्यावर काळं घोंगडं. माईकवर पहिलं नाव त्याचंच पुकारलं गेलं, कारण कुमारनं माईकवाल्याला तशी तंबीच दिली होती. म्हाताऱ्याच्या डोक्याला फेटा बांधला गेला. नवरीला लुगडं दिलं. आता जाईल असं वाटत असतानाच तो वळला, खांद्यावरचं घोंगडं काढलं, बिराप्पाच्या खांद्यावर टाकलं आणि मेव्हण्याला घट्ट मिठी मारली. त्याचे ओठ हलताना दिसत होते. मागं अण्णांनी सनई लावली होती.

"अण्णा, काय म्हणतायत ते? सनई काढा की जरा."

अण्णांनी सनई काढली आणि कॅमेऱ्याचा आवाज उघडला. "दाजी, झालं गेलं सोडा," म्हातारा म्हणत होता. आणि मागून नागूबाईचा आवाज आला. शब्द काहीच नव्हता. सहा वर्षं आत धरलेला श्वास सुटावा तसा नुसता आवाज.

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला.

"इथं खरा आवाज ठेवायचा," श्रावस्ती म्हणाली. "सनई नंतर."

"ठेव," अण्णा म्हणाले. "बदामबी नको इथं."

तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टर किंचाळायला लागला. जे झालंय ते आधी जतन करायची घाई, मग अण्णांचा भाग तिच्या भागाला जोडायची घाई. तिनं त्या तुकड्याचा आवाज उघडा ठेवला. मागचं-पुढचं अण्णांनी ऐकून कापलं असेल, असं तिला वाटलं. आवाजाचं तिनं हातात घेतलंय म्हणजे ती ऐकेल, असं अण्णांना वाटलं. कुमार तर खुर्चीतच घोरत होता.

रविवारी सकाळी सगळा व्हिडिओ तयार झाला. कुमारनं पेनड्राइव्ह वरच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं, वर हात ठेवून बघितलं.

"जेवायला या दोघं बी. मटण न्हाय, पण पुरणपोळी हाय. उशीर करू नका."

मोटारसायकलचा आवाज रस्त्यानं लांब गेला. अण्णांनी दोन कप चहा मागवला. इतके दिवस पाठीत बसलेला वाक श्रावस्तीनं खुर्चीवर मागं रेलून सरळ केला. काम संपल्यावर आपलंच काम एकदा सुखानं बघायचं, ही तिची जुनी खोड. तिनं हेडफोन लावला आणि थेट त्या मिठीपाशी गेली. नेमकं मिठीवर न थांबता जरा मागं गेली, म्हातारा मांडवाच्या तोंडाशी येतो तिथं.

कानात कुमार बोलला. अगदी जवळून, अगदी स्वच्छ.

"आला बघ रुसका मामा. ह्याला तीन ठिकाणी तरी घे, श्रावस्ती. न्हायतर आणिक सहा वर्षं फुगून बसंल म्हातारं."

तिनं हेडफोन काढला. परत लावला. परत ऐकलं.

"अण्णा."

तिचा चेहरा बघून अण्णांनी कप खाली ठेवला. ऐकल्यावर त्यांनी फक्त "अगं बाबौ" एवढंच म्हटलं आणि खाली बसले.

कुमारचा फोन वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन घेत नसे आणि घरी पोचला की फोन चार्जिंगला लावून विसरत असे. तिनं प्रतीक्षाला लावला. तिकडं नुसता कलकलाट.

"हां ताई! लावलंय बघा आत्ताच! सगळे बसलेत. मामाबी आलेत!"

"प्रतीक्षा, ऐक, ते जरा थांबव—"

"आवाज तुटतोय ताई! तुम्ही या लवकर!" आणि फोन बंद.

"घाबरू नको," अण्णा म्हणाले. त्यांच्याच कपाळावर घाम होता. "आहेर कुठं येतोय? निम्म्यानंतर. आधी हळद हाय, मग देवदर्शन, मग लग्न. तोपर्यंत आपून पोचतोय. नुसता आहेरापासून पुढचा भाग नव्यानं काढ, मधल्या चहाला पेनड्राइव्ह बदलू."

कापायला तर क्षणभरही लागला नाही. एक रेघ इथं, एक तिथं, कुमार गेला. पण नवी फाइल बनायला वेळ लागणार होता आणि इन्व्हर्टर आदल्या दिवशीच मेला होता. लाईटचा भरवसा नव्हता. श्रावस्तीनं तेवढा भाग स्वतःच्या लॅपटॉपवर घेतला, फाइल बनायला लावली आणि लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांवर धरून, लग्नातलं आरतीचं ताट धरावं तशी, जिना उतरली.

अण्णांची जुनी व्हॅन माळाच्या रस्त्याला लागली. मांडीवर लॅपटॉप तापत होता, त्याचा पंखा घरघरत होता. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. खड्डा आला की ती लॅपटॉप उचलून धरायची, जणू आत कुणी झोपलंय.

"अण्णा, हळू!"

"हळू का लवकर, एक काय ते सांग!"

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "माझीच चूक आहे. तुकडा पुरता ऐकायला पाहिजे होता."

"माझी बी हाय. मी कापलेला होता तो." अण्णांनी गिअर बदलला. "आन् सगळ्यात मोठी त्या कुमारची. सख्ख्या मामाला कुणी असं म्हणतंय का, ते बी रेकॉर्डिंग चालू ठेवून?"

श्रावस्तीच्या डोळ्यांसमोर नागूबाईच होती. हळद लावताना उजवीकडं बघणारी. त्या बाईला सहा वर्षांनी भाऊ मिळाला होता, आणि ती ज्या आवाजानं रडली तो आवाज लोकांना ऐकवायचा हट्ट हिनंच धरला होता. सनई राहू दिली असती तर काही बिघडलं नसतं.

वस्तीवर मांडव अजून तसाच उभा होता. फाइल पूर्ण व्हायला थोडं बाकी होतं. श्रावस्तीनं लॅपटॉप अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि उतरली. माणसं पडवीत टीव्हीसमोर दाटीनं बसलेली दिसत होती. अजून हळदच चालली असणार, असं ती मनाला सांगत चार पावलं गेली, तोच तिला टीव्हीतून माईकवाल्याचा आवाज आला. टॉवेल-टोपी. नाव. टॉवेल-टोपी. नाव.

आहेर.

हळद नव्हती, देवदर्शन नव्हतं, लग्नसुद्धा नव्हतं. महालिंगप्पा सगळ्यांच्या पुढं, पाटावर, मांडी घालून बसले होते आणि रिमोट त्यांच्या हातात होता. म्हाताऱ्यानं सगळं पुढं ढकलून पहिल्यांदा आहेर लावला होता. ही गोष्ट आपल्याला सुचायला हवी होती, हे श्रावस्तीला त्या क्षणी कळलं. त्या जीपमधल्या आत्यानं दुसरं काय केलं असतं?

कुमार खांबाला टेकून उभा, तोंड पांढरंफटक. बिराप्पा जमिनीकडं बघत. नागूबाई दाराच्या आत, हातात पुरणपोळीचं ताट तसंच धरून. महालिंगप्पांनी रिमोट दाबला. चित्र भराभर मागं गेलं. मांडवाचं तोंड आलं, घोंगडं आलं, आणि टीव्हीच्या दोन्ही स्पीकरांतून कुमारची कुजबुज सगळ्या पडवीत पसरली.

"आला बघ रुसका मामा..."

म्हातारा ती दुसऱ्यांदा ऐकत होता की पाचव्यांदा, कुणास ठाऊक. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि चित्र थांबवलं.

"कुमाऱ्या."

"जी मामा."

"ह्यो तुझा आवाज हाय?"

"व्हय मामा. पण मामा, ते असं—"

"थांब. श्रावस्ती म्हंजे कोण?"

सगळ्या माना अंगणाकडं वळल्या. "मी, मामा."

"तूच का ती मिक्सिंगवाली? पुढं ये." ती पुढं गेली. "ह्यानं तुला काय सांगितलंय? तीन ठिकाणी घे म्हनलाय. बरोबर?"

"हो."

"म्या अख्खा आहेर बघितला. मांडवात येऊन फेटा बांधताना हाय, ते एक ठिकाण. दाजीला भेटताना हाय." म्हाताऱ्यानं रिमोट टीव्हीकडं रोखला. "तिसरा कुठं हाय?"

श्रावस्तीला प्रश्न समजायलाच वेळ लागला. खोटं बोलायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

"तिसरा पाठवणीत होता, मामा. तो मी कापला."

"का?"

"त्यात तुम्ही जांभई देत होता."

मागच्या रांगेतून कुणाला तरी हसू आवरलं नाही, मग दुसऱ्याला, आणि मग महालिंगप्पाच मान मागं टाकून असे हसले की पाटावरून कलंडले. उत्तरेश्वरनं त्यांना सावरलं.

"जांभई कशी येणार न्हाय! पहाटंपास्नं चाललो होतो!" ते डोळे पुसत म्हणाले. "जाऊ का नको, जाऊ का नको करत दोनदा माघारी फिरलो. रुसका म्हनं! आरं, सहा वर्षं बोललो न्हाय ते खरंच की. पोरानं त्यात खोटं काय सांगितलं?" मग बिराप्पाकडं वळले. "दाजी, तुमचं पोरगं तुमच्यापेक्षा बरं हाय. माझा मान राहावा म्हणून कानाकानात सांगत फिरतंय. तुमी सहा वर्षांत एकदा तरी सांगावा धाडला व्हता का?"

"तुमी धाडला व्हता का?" बिराप्पा म्हणाले.

"मी मामा हाय. माझा मान हाय."

"मग मी काय वाटंवर पडलोय?"

आणि दोघं म्हातारे तिथंच भांडायला लागले, मोठ्यानं, हातवारे करत, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून. कुणी सोडवायला गेलं नाही. नागूबाईनं ताट खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते श्रावस्तीला कळेना, पण तिची नजर या वेळी दुसरीकडं कुठं जात नव्हती.

भांडता भांडता महालिंगप्पांनी तिच्याकडं वळून हुकूम सोडला, "नागू, पंचमीला गाडी घेऊन येतो. तयार राहा. आन् ह्या माणसाला विचारत बसू नको."

"त्येला काय विचारायचंय?" नागूबाई म्हणाली. आवाज फुटला होता, पण चढा होता. "मी काय त्येला विचारून माहेरवाशीण झाले व्हय?"

कुमार खांबावरून घसरत खाली बसला होता. श्रावस्ती त्याच्याजवळ गेली.

"म्याडम," तो हळूच म्हणाला, "माझ्या आणिक किती गोष्टी ऱ्हायल्यात त्यात?"

"एकच होती."

"बघ हां. आत्याबद्दलबी बोललो होतो मी."

"ती कापली. तूच उडव म्हणाला होतास."

पुढं बसलेल्या बायकांत तोवर कालवा सुरू झाला होता. आमच्याबद्दल हा काय बोलला, तेही ऐकवा, असं एकीनं म्हटलं आणि लगेच चार जणींनी उचलून धरलं. कुमार उठला आणि वाढायला पानं आणतो म्हणत आत पळाला. उत्तरेश्वरनं मामांच्या हातून अलगद रिमोट काढून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. हळद आली. प्रतीक्षा पुढं सरकून बसली.

श्रावस्ती बाहेर आली. ऊन चढलं होतं. अण्णा व्हॅनमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन अंग चोरून बसले होते, हललं तर काही बिघडेल अशा भीतीनं. शर्ट घामानं भिजला होता.

"झाली फाइल," ते घाईनं म्हणाले. "झालीच, थोडी ऱ्हायली. आत काय चाललंय? कुणी ओरडतंय का?"

"ओरडतायत. दोघं भांडतायत."

"अरे देवा."

"चांगलं भांडतायत, अण्णा. पंचमीचं ठरलं."

अण्णांनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. तिनं वाकून, हिरवी पट्टी पुरी व्हायच्या आधीच, फाइल थांबवली आणि लॅपटॉप मिटला. पंख्याची घरघर कमी होत गेली आणि बंद झाली. माळावर लांब कुठंतरी मेंढरं ओरडत होती, ती आता कुठं ऐकू आली.

"आता उतरा," ती म्हणाली. "पाय मोकळे करा. पुरणपोळ्या गार व्हायल्यात."